चार नंबरचं बटण

महाराष्ट्राने टीव्हीवर काय पाहावं, हे ठरवण्याची जबाबदारी गेल्या वर्षी काही महिने आमच्या घराण्याकडे होती.

अगदी आमच्या एकट्यांकडे नाही. कुठला कार्यक्रम किती लोक पाहतात हे मोजण्यासाठी काही निवडक घरांत टीव्हीला एक डबी जोडतात. त्या घरांत प्रभादेवीतलं आमचं घर निघालं. मोरे नावाचे गृहस्थ एका मंगळवारी डबी घेऊन आले. (मंगळवारी आमच्या गल्लीत दर्शनाची रांग इतकी असते की मोरे हत्ती घेऊन आले असते तरी शेजाऱ्यांना कळलं नसतं.) त्यांनी एक वेगळा रिमोट दिला आणि प्रत्येकाला एकेक बटण वाटून दिलं. बाबा एक, आई दोन, आत्या तीन, मी चार. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. आपलं एक बटण म्हणजे एक अख्खी वस्ती समजा, असं ते म्हणाले. आणि याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

ही अट मला फारच सोयीची होती. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर मी जिन्याने जाते. मतं मात्र माझ्याकडे भरपूर. हिरो पाच मिनिटं नुसता चालत येतो ते सिनेमे, आठ चौकोनांतून आठ पुढारी एकदम ओरडतात त्या बाबांच्या चर्चा, आणि आई-आत्याची ती मालिका, या तिन्हींवर बंदी आणावी असं माझं शाळेपासूनचं ठाम मत होतं. ते आजवर फक्त माझ्या उशीला माहीत होतं. आता माझ्या मताला चक्क बटण मिळालं!

आणि ते अगदी वेळेवर मिळालं, कारण माझी आवडती मालिका शेवटच्या घटका मोजत होती. एका सरकारी ग्रंथालयातल्या तीन कर्मचाऱ्यांची ती गोष्ट. तिला पार्श्वसंगीत नव्हतं. एका भागात ग्रंथपाल पहिल्यापासून शेवटपर्यंत चष्मा शोधतात आणि तो सापडत नाही. (मी रडले होते.) महिनाअखेरपर्यंत प्रेक्षक वाढले नाहीत तर ती बंद करणार, अशी बातमी आली. ती लागायची रात्री साडेआठला. आई-आत्याची मालिका साडेआठलाच, आणि बाबांचे पुढारीही साडेआठलाच.

मी धीर करून घरात विषय काढला. चौघांनी मिळून महिनाभर माझी मालिका बघायची.

"मी एक नंबर दाबतो आणि आत जाऊन पेपर वाचतो," बाबा म्हणाले.

"बाबा, ते बोगस मतदान झालं."

आईने त्या चष्म्याचं पुढे काय झालं ते विचारलं. सापडला नाही, असं मी सांगितल्यावर तिच्या लेखी विषय संपला.

राहिली आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. आमच्याकडेच राहते आणि घर शाळेसारखंच चालवते.

"माझा पाठिंबा आहे," ती शेवटी म्हणाली. "पण फुकट नाही. रात्रीचा आमचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला परत दाखवतात. तू घरूनच काम करतेस. माझ्या शेजारी बसून तो बघायचा, आणि तोंड वाकडं करायचं नाही."

मी कबूल झाले. आत्या आली म्हटल्यावर आई आली. बाबा तत्त्वाचे पक्के. पण दर बुधवारी बोंबील तळायचं ठरल्यावर तेही आले. आघाडी झाली.

पहिल्या दुपारी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन, तुच्छतेने बसले. नायिका सुलक्षणा. ती दीड वर्षं गरोदर होती. तिच्या जाऊबाई दर भागात दाराआडून ऐकायच्या, आणि तरी दर भागात त्यांना धक्का बसायचा. तिसऱ्या दिवशी मी आत्याला सहज विचारलं, की तो दारात उभा असलेला दाढीवाला कोण. पाचव्या दिवशी मी ऑफिसची दीडची मीटिंग अडीचला ढकलली. आत्याने चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला.

रात्री मात्र सगळे शब्दाला जागत होते. ग्रंथालयातल्या शिपायाची बढती रखडली तेव्हा बाबांनी स्वतःची रखडलेली बढती सांगितली. आई रोज टीव्हीला सांगायची, "अहो, चष्मा कपाटावर बघा." चार वस्त्या माझ्या मालिकेमागे उभ्या होत्या.

मग महिन्याचा शेवटचा शुक्रवार उजाडला. दुपारच्या भागाच्या अखेरीस सुलक्षणाच्या हातात एक पाकीट आलं. त्यात तिच्या खऱ्या आईचं नाव होतं. ती ते फोडणार, इतक्यात भाग संपला.

साडेआठला चौघं बसलो, चार बटणं दाबली. टीव्हीचा रिमोट माझ्या हातात. ग्रंथपाल रजिस्टर तपासत होते. जाहिराती लागल्या.

"एक मिनिट," मी म्हटलं. "फक्त पाकीट बघते."

कुणी हरकत घेतली नाही. सुलक्षणाने पाकीट हातात घेतलं. सगळ्यांचे चेहरे तीन-तीन वेळा दाखवले. ढग गडगडले (घरात!). जाऊबाईंना धक्का बसला. पाकीट अखेर फुटलं तेव्हा नऊ वाजले होते. आईचं नाव ऐकून आम्ही चौघंही ओरडलो, बाबा सगळ्यात मोठ्याने. मग मला ग्रंथालय आठवलं. ते त्या दिवसापुरतं बंद झालं होतं.

पंधरवड्यात ते कायमचं बंद झालं. सुलक्षणाची मालिका अर्ध्या तासावरून एक तासाची झाली.

आणि मोरे फॉर्म घेऊन हजर झाले. महिनाभर एकनिष्ठ असलेल्या चौघांनी एकाच जाहिरातीत बाजू बदलली, म्हणून चौकशी होती. त्यांनी चॅनल कुणी बदललं ते विचारलं. बाबांनी पेपर वर केला. आईने आत्याकडे बघितलं.

"चार नंबर," आत्या म्हणाली.

मोरे माझ्याकडे वळले. "मॅडम, ही मालिका तुम्ही आवडीने बघता का?"

परक्या माणसाशी मी आयुष्यात सलग दोन वाक्यांच्या वर बोललेले नाही. त्या दिवशी मी वीस मिनिटं बोलले. जाऊबाई मुळात वाईट नाहीत, हे मी त्यांना पटवून दिलं. दाढीवाल्याचा मामाशी संबंध काय, तो फॉर्मच्या मागच्या बाजूला काढून दाखवला. मोऱ्यांचा चहा गार झाला. आईने दुसरा आणला, तोही गार झाला.

"मॅडम," मोरे शेवटी म्हणाले, "इथे फक्त हो किंवा नाही लिहायचंय."

मी थोडा विचार केला. मग त्यांना 'नाही' लिहायला सांगितलं.