मालनताईंनी पकडलेली थुंकी

मालनताई आमच्या अंधेरीच्या कारखान्यात मायक्रोस्कोपवर बसायच्या. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणतात ती चिप झाकण बसायच्या आधी भिंगाखाली तपासायची, हे त्यांचं काम. मी देवरुखहून आयटीआय करून आलेला, मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा. पहिल्यांदा डोळा लावला तर खाली अख्खं शहर! सरळ रस्ते, सारख्या चाळी. अंधेरीत असलं काही नव्हतं, म्हणून फार आवडलं. ताईंना मात्र त्या शहरात फक्त माणसांची घाण दिसायची. कोंडा, कातडीचे पापुद्रे, भुवईचा केस.

"शी! माणूस म्हणजे नुसती गळकी गोणी," त्या म्हणायच्या. कुणाच्या हातचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मी दिसलो की, "मेल्या, डोकां खाजवू नको हयसर!"

खंडेनवमीला सुपरवायझर विद्याधरांनी चिपांचा एक उघडा ट्रे पूजेला मांडला. मास्क काढून आम्ही आरती म्हटली. सगळ्यात पुढे, सगळ्यात मोठ्याने मालनताई.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर तोच ट्रे भिंगाखाली आला आणि ताई किंचाळल्या, "थुंकी!"

चिपांच्या रस्त्यांवर वाळलेली डबकी. त्याच टेबलावरचे पेढे आम्ही मिटक्या मारत खाल्ले होते.

"ह्या शकुचाच काम! माझ्या बाजूक उभी होती. सकाळी सकाळी मासे खावन येता."

शकु गोराईची कोळीण, अजून कायम झालेली नव्हती. विद्याधर म्हणाले, "शकु, उद्यापासून येऊ नकोस."

शकु रडली नाही. "नीट बघ गो ताय, खवला दिसतो का त्यान?"

ताईंनी नाक मुरडून भिंग वाढवलं. डबक्यात काळे कण. मला बोलावलं.

"मशेरी आहे ताई," मी म्हटलं. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आमच्या आळीतल्या निम्म्या बायका सकाळी दातांना लावतात. कारखान्यात मात्र मशेरीची डबी एकाच पर्समध्ये असायची.

ताईंची जीभ गालाच्या आतून फिरली आणि दाढेपाशी थांबली. चेहरा असा झाला, जणू परक्याची चूळ गिळली.

"विद्याधर, तिका ऱ्हवांदे. घाण माझीच आसा."

मग बेसिनवर त्यांनी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत तोंड धुतलं. भिंगाखाली त्यांच्यासारखे तयार डोळे दुसऱ्या कुणाचे नव्हते, म्हणून विद्याधरांच्या नुसत्या दमावर सुटल्या. शकुही राहिली.

पुढच्या खंडेनवमीला ट्रे रिकामा मांडला होता. तरी ताई तोंडाला मास्क बांधून नुसत्या टाळ्या वाजवत होत्या, आणि मध्येच शकुला कोपराने ढोसत होत्या, "तोंड मीट गो, शिंतोडे उडतत!"