सरदाराच्या टोपातली गादी

शिवजयंतीच्या आधीचा रविवार. हजर: मी, म्हणजे वेशभूषेचं सामान सांभाळणारी, लढाई बसवणारे चित्रकलेचे सर, आणि यंदा मोगल सरदार होणारा आमचा शेजारी, संत्र्यांचा व्यापारी. गैरहजर: माझा धाकटा भाऊ. पूर्वी सरदार तोच व्हायचा.

शिवजयंतीच्या देखाव्यातली लढाई सौंसरच्या मैदानावर होते, पण टोप निवडायचे ते पांढुर्ण्याला, माझ्या घरी. मावळ्यांचं सोपं असतं, मुंडासं बांधलं की झालं. घोटाळा होतो मोगलांच्या टोपांत. नागपूरहून भाड्याने आणलेल्यांपैकी दोन टोपांवर लाल ब्रशासारखे तुरे निघाले.

"ही कोणती फौज येऊन राहिली, ताई? रोमची?" सर म्हणाले.

ते दोन बाजूला काढले. गोल घुमटाचे, नाकावर पट्टी आणि मानेवर कड्यांची जाळी असलेले तेवढे ठेवले. सरदाराचा टोप मात्र आमचा स्वतःचा, सरांनी पत्रा ठोकून केलेला. शेजाऱ्याने तो घातला आणि तोंड वाकडं केलं.

"डावीकडे रुतून राहिला, अन् उजवीकडे नुसता खड्डा! ही गादी भरली कोणी, बाप्पा?"

मीच भरली होती. कापूस आमच्या शेतातला, अस्तर आईच्या लुगड्याचं. लहानपणी विहिरीच्या काठावर आपटून भावाच्या डोक्याला उजवीकडे टेंगूळ आलं, ते कायमचं राहिलं. तेवढी जागा मी पोकळ ठेवली होती.

पिशवीत चेपेल म्हणून सौंसरच्या बसमध्ये भाऊ टोप घालूनच बसायचा. कंडक्टर म्हणायचा, "सरदार, तिकीट काढा. तुमचं राज्य अजून आलं नाही." हा माझ्याकडे बोट दाखवायचा, "खजिना मागच्या सीटवर आहे." अख्खी बस हसायची, मी दोन तिकिटं काढायची.

आता तो हैदराबादला असतो. शेजाऱ्याच्या डोक्यावर टोप असतानाच मी भावाला फोन लावला.

"यंदाही सुट्टी नाही भेटून राहिली, ताई. देऊन टाक कोणाले."

"तुझ्या मापाचा आहे तो."

"मग माप बदल. गादी तूच तर शिवली." त्याने पुढे विचारलं, "तो कंडक्टर आहे का अजून?"

"नाही दिसत आता."

"हं," म्हणाला, आणि त्याला कोणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

शेजाऱ्याच्या डोक्याचं माप सुतळीने घेतलं. तुऱ्यांचे टोप परत पाठवले. मुंडाशांची कापडं धुऊन घडी केली. नवा कापूस पिंजून सुपात काढून ठेवला आहे, अस्तरही कापलं आहे. जुनी गादी उसवायची राहिली आहे.