नडगीची कुणकुण

अकोटच्या उत्तमराव फूलवाल्यांच्या घरात विश्वास फक्त पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असे. उत्तमरावांचा संशय व्यापाऱ्याच्या काट्यावर, पार्बताबाईंचा दूधवाल्यावर आणि त्यांच्या लेकीचा, प्रतीक्षाचा, उरलेल्या सगळ्या जगावर. पोलीस भरतीची तयारी सुरू झाल्यापासून तर तिच्या संशयाला शिस्तही लागली होती.

मैदानावरचा रिवाजच तसा. दुखलं तरी बोलायचं नाही. एक पोरगी लंगडली की बाकीच्यांना हुरूप येतो. म्हणून नडगीच्या हाडात कळ येऊ लागली, तेव्हा प्रतीक्षाने एक फेरी वाढवली. तरी सोबत धावणाऱ्या मोनालीने ताडलंच.

"थांब ना वं. हाडाले लागलं असन. काही दिवस पयू नको."

"तुले कसं मालूम?"

"असंच."

त्या 'असंच'वर प्रतीक्षा दिवसभर झेंडूत सुई खुपसत राहिली. जिल्हा एक, भरती एक, आणि हिला माझ्या हाडाची काळजी! ती हट्टाने आणखी धावली. परतवाड्याच्या नस बसवणाऱ्याने दुखरी जागा तेल लावून अशी रगडली, की चालणंही कठीण झालं.

शेवटी मावशीकडे लग्न आहे असं सांगून तिने अकोला गाठलं. तिथे ओळखीचं कोणी भेटायचं नाही, हा हिशेब. डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी हाडावर एका जागी बोट दाबलं आणि लाथ थोडक्यात चुकवली.

"बारीक चीर दिसते. एक्स-रेत ती सुरुवातीला सापडेलच असं नाही. धावणं बंद. दुखत नसेल तर सायकल, मग चालणं, मग हळूहळू धावणं. ऐकलं नाहीस तर हाड मोडेल आणि भरती जाईल."

"मॅडम, तुमच्या घरचं कोणी भरतीत उतरून राह्यलं का?"

"भाचा. मुलांमध्ये."

एवढ्यावर प्रतीक्षाचं समाधान झालं. बाहेर आली तर बाकावर मोनाली, सलवार गुडघ्यापर्यंत वर करून.

"तू इथं काहून?"

"मावशीच्या इथं लग्न हाये. अन् तू?"

"माह्याही."

दोघी एकमेकींच्या नडग्यांकडे बघत राहिल्या. मोनालीचंही दुखणं तेच निघालं, जरा जुनं.

आता दोघींनाही थांबायचं होतं. पण दुसरी चोरून धावली तर? म्हणून रोज सकाळी प्रतीक्षा सायकल घेऊन मोनालीच्या दारात उभी. कधी हिला उशीर झाला, तर मोनाली हिच्या दारात. पोपटखेडच्या रस्त्यावर दोघी शेजारी शेजारी, एकमेकींच्या पायांवर नजर ठेवून. प्रेमापोटी एवढं पथ्य कुणी पाळलं नसतं.

भरतीची तारीख पेपरात आली, त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी दोघींना धावायची परवानगी दिली.

"तू पुढं हो," मोनाली म्हणाली.

"नाई, तू हो. मले तुहा पाय दिसला पाह्यजे."

मोनाली निघाली. ती कुठे लंगडते का, हे निरखत प्रतीक्षा मागे धावली. मैदानाला अख्खी फेरी झाली, तरी आपली नडगी दुखते का हे बघायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.