तिथं आपलं कोण हाय?

आमच्या घरात परदेशातलं विद्यापीठ निवडायची जी पद्धत होती, तिच्यात विद्यापीठ कुठेच नव्हतं. अभ्यासक्रम नव्हता, शिकवणारे नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. एकच प्रश्न होता. तो मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ओसरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विचारायचे: "तिथं आपलं कोण हाय?"

हा प्रश्न आमच्या मोताळ्याकडे सगळ्या कामांना लागू आहे. अकोल्याला ऑपरेशन असेल तर डॉक्टर कसा आहे हे नंतर, आधी त्या दवाखान्यात आपला कंपाउंडर शोधायचा. बुलढाण्याला कोर्टात तारीख असेल तर वकिलाच्या आधी आपला शिपाई. आमच्या शेजारच्या एका काकांनी गुडघा दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडून औषध आणलं होतं, कारण तिथला कंपाउंडर आपला होता. गुडघा बरा झाला नाही, पण नंबर न लावता आत सोडलं हे ते अजून अभिमानाने सांगतात.

मी कृषी पदवी घेतली होती आणि मला पुढे माती शिकायची होती. माझं आजोळ पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की जीभ आक्रसते, आणि उन्हाळ्यात रानावर मिठाचा पांढरा थर चढतो. लहानपणी मी मामांना विचारलं होतं की हे मीठ काढून टाकता येत नाही का. मामा म्हणाले, "काढता आलं असतं त काढलं नसतं का?" एवढं बोलून ते बैल सोडायला गेले. मला त्या उत्तराचा तेव्हाही राग आला होता आणि पुढे कॉलेजात कळलं की तो योग्यच होता, कारण मीठ काढता येतं. समुद्र मागे हटवून शेती करणारा एक देश आहे आणि तिथल्या एका लहान गावातल्या विद्यापीठात पिढ्यानपिढ्या लोक हेच करत बसलेत. मी तिथे अर्ज केला. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, त्यामुळे पैशावरून नाक मुरडायची कोणाला सोय उरली नाही. उरली ती मोठ्या बाबांची परवानगी. वडिलांची वेगळी लागत नसे. त्यांचे दादा, म्हणजे मोठे बाबा, म्हणतील त्याला ते मान हलवायचे, आणि दादांनी काही म्हणायच्या आधीही हलवायचे.

"नेदरलँड," मोठे बाबा म्हणाले. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला आणि टाकून दिला. "माती शिकायले? माती इथं कमी हाय का?"

ओसरीवर बसलेले दोघंतिघं हसले. हे दोघंतिघं आमच्या ओसरीवर कायम असायचे आणि त्यांचं काम एवढंच होतं.

"तिथं आपलं कोण हाय?"

"विद्यापीठ आहे," मी म्हणाले.

"इद्यापीठ काय रात्री ताप आला त पाहाले येते?"

मग त्यांनी मला बुलढाण्याला नेलं. तिथे एका दुसऱ्या मजल्यावर मुलांना परदेशी पाठवणारं एक ऑफिस होतं. काचेच्या दारावर झेंडे चिकटवलेले, आत एसी, आणि टाय बांधलेला एक माणूस, ज्याला सगळे सर म्हणत. या सरांनी मला काय शिकायचं आहे ते विचारलं नाही. माझे मार्क विचारले नाहीत. त्यांनी मोठ्या बाबांना थंड पाणी दिलं आणि इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव घेतलं, तिथे बिझनेस मॅनेजमेंट चांगलं आहे म्हणाले. मला वाटलं, मोठे बाबा निदान विचारतील की बिझनेस कशाचा. त्यांनी विचारलं, "तिथं आपले हायत का?"

"भरपूर!" सर म्हणाले. "अख्खी गल्ली आपली आहे. पोळ्याला पुरणपोळी मिळते."

तेवढ्यावर मोठ्या बाबांनी माझं आयुष्य ठरवलं. जिना उतरताना ते खूश होते. पुरणपोळीसाठी इंग्लंडला जायचं, मग ती आमच्या चुलीवर काय वाईट होती, असं मी विचारलं. त्यांनी रसवंतीवाल्याला दोन ग्लास सांगितले. मला त्या रसाच्या ग्लासाचासुद्धा तिटकारा आला, पण उन्हाचं आले होते म्हणून प्यायले.

गंमत म्हणजे नेदरलँडमधल्या माझ्या त्या लहान गावात आपलं माणूस होतं. मोताळ्यात आमचं कापड ज्यांच्याकडून यायचं त्या दुकानवाल्या चाचांचा पुतण्या तिथेच नोकरी करत होता. चाचांची मुलगी माझ्यासोबत कॉलेजला होती, तिच्याकडून मला कळलं. मी दुकानात गेले तेव्हा चाचा गाठोडं सोडत होते. ते म्हणाले, "बेटा, तू फकत गाडीत बस. पोरगा टेशनवर येऊन उभा राहीन, तुह्या आधी." मला इतकं बरं वाटलं की मी दुकानातून थेट ओसरीवर गेले आणि सांगितलं, आहे म्हणून, आपलं माणूस आहे.

मोठ्या बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो काऊन आपला?"

"मोताळ्याचा आहे. तुमच्या अंगावरचा सदरा त्यांच्या दुकानातला आहे."

"सदरा आपला हाय. तो आपला नाही."

दोघंतिघं यावेळी हसले नाहीत, त्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. माझ्या वडिलांनीही हलवली. या चाचांनी माझ्या आत्याच्या लग्नात आहेराच्या साड्या रात्रीतून मागवून दिल्या होत्या, आणि त्या लग्नाच्या पंगतीत मोठ्या बाबांनी स्वतः त्यांना आग्रह करून जिलबी वाढली होती. तेव्हा ते आपले होते. 'आपला' हा शब्द आमच्याकडे असा सोयीने आखडतो आणि पसरतो. लग्नाच्या कामाला तालुकाभर पसरतो, पोरीचा प्रश्न आला की जातीच्या उंबऱ्यात येऊन बसतो. मला त्या दिवशी त्या माणसांची किळस आली, आणि ती मी अजून कमी होऊ दिलेली नाही.

पण किळस येऊन तिकीट मिळत नाही. मी चार दिवस कोणाशी बोलले नाही आणि पाचव्या दिवशी नवीन माणूस तयार केला.

तो मी डोणगावचा केला. डोणगाव आमच्याच जिल्ह्यात, पण पार मेहकरच्या बाजूला, आणि मोठ्या बाबांच्या सोयऱ्यांचं जाळं तिकडे विरळ होतं. आडनाव असं दिलं की ज्याची घरं गावोगाव आहेत आणि ज्याच्याबद्दल आमच्या ओसरीवर कोणी नाक मुरडत नाही. त्याला नेदरलँडच्या त्याच लहान गावात इंजिनिअर केला. वडील शेतकरी, बागायती. दारू पीत नाही. हे शेवटचं कोणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं.

आडनाव ऐकताच मोठ्या बाबांचा चेहरा सैल झाला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. जो देश त्यांना नकाशात दाखवता आला नसता, तो एका आडनावामुळे राहण्यालायक झाला. "मंग आधी सांगाचं ना बे," ते म्हणाले. पोरीला ते कधी बे म्हणत नसत, म्हणजे फारच खूश होते.

पण म्हातारा पक्का होता. म्हणाला, "त्याचा नंबर दे. मी बोलतो. बोलल्याबिगर तिकीट नाही."

आता माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, तो कामावर असतो. म्हटलं, तिकडे घड्याळ वेगळं आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाला डोणगावचा करून फोनवर उभा करावा असंही मनात आलं, पण मोठ्या बाबांनी त्याला कोणाचा कोण हे दोनदा विचारलं असतं की तो रडला असता. विद्यापीठाला होकार कळवायची मुदत संपत आली होती. मी आतल्या खोलीत बसून मिठाच्या मातीवरचे लेख वाचायची आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. आई मध्येमध्ये येऊन चहा ठेवून जायची. ती या सगळ्या प्रकारात एक शब्द बोलली नव्हती. ओसरीवर माझा फैसला चालायचा आणि ती आत शेंगा फोडायची. आमच्या घरात पुरुषांचा मला राग होता, पण आईच्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त होता, हे इथे सांगूनच टाकते.

मग मोताळ्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा दात घासता घासता म्हणाले, "झालं बोलनं. मानूस चांगला हाय. पोरीले ताई म्हनते. काढ तिकीट."

मी थक्क झाले. बोलणं कोणाशी झालं? जो जन्मालाच आला नव्हता तो माणूस चांगला कसा निघाला? मी माझ्या परीने अर्थ लावला: म्हाताऱ्याने सोयऱ्यांकडून नंबर मिळवून पाहिला, तो काही मिळाला नाही, आणि आपल्याला एक फोन लावता आला नाही हे ओसरीवर कबूल करण्यापेक्षा त्याने थाप मारली. मला हे इतकं पटलं की मी मनातल्या मनात त्यांची पोटभर टिंगल केली. आडनावाला भुललेला आणि स्वतःच्याच थापेत अडकलेला माणूस, असं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

निघायच्या दिवशी अंगण भरून लोक आले. मोठ्या बाबांनी शाल आणि नारळ दिला आणि एक लहानसं भाषण केलं. त्यात विद्यापीठाचं नाव चुकलं, माझा विषय आलाच नाही, पण डोणगावच्या इंजिनिअरचा उल्लेख दोनदा आला. दोघंतिघं टाळ्या वाजवत होते. दारात गाडी लागली, मला मलकापूरला रेल्वे धरायची होती.

आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिने एक पत्र्याचा डबा भरून ठेवला होता, वरून जुन्या साडीच्या तुकड्याने बांधलेला. आत ज्वारीचे धापोडे, मुगाच्या वड्या आणि तिळाची चटणी. हे पापड-वड्यांचं प्रकरण त्या डोणगाववाल्यासाठी आहे, असं मोठ्या बाबांनी सकाळीच जाहीर केलं होतं. परक्या मुलखात आपल्या माणसाकडे मोकळ्या हाताने जायचं नसतं.

"जड आहे," मी म्हटलं. "राहू दे ना."

"ने," आई म्हणाली. "चाचाच्या पुतन्याले धापोडे लय आवडते म्हने. त्याची चाची सांगे."

"कोणाच्या?" मी विचारलं.

ती गाठ आवळत होती. वर न बघता म्हणाली, "बाजाराच्या दिवशी दुकानात गेलती मी. चाचाले म्हटलं, लाव फोन. बोलली त्या पोराशी. ताई म्हनला तुले. मंग घरी येऊन तुह्या मोठ्या बाबाले सांगतलं, मी बोलली तिथल्या पोराशी, चांगला हाय."

"आणि त्यांनी विचारलं नाही, कोणाशी?"

"त्याहिनं नाव इचारलं नाही, मी सांगतलं नाही."

बाहेरून मोठे बाबा ओरडले, "गाडी थांबून राह्यली!" आईने डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या गालावर पिठाचा हात फिरवला. मला रडू फुटलं. बाहेरच्यांना वाटलं, घर सुटतं म्हणून रडते.

तिथे स्टेशनवर चाचांचा पुतण्या खरंच माझ्या आधी येऊन उभा होता. त्याने डबा पाहिला आणि तिथल्या तिथे साडीची गाठ सोडायला बसला. पहिला धापोडा त्याने कच्चाच खाल्ला.

आता मला इथे येऊन बरीच वर्षं झाली. मी शिकले, इथेच कामाला लागले, खारट मातीतून मीठ कसं धुवायचं ते शिकवते, आणि मागल्या उन्हाळ्यात मामांच्या रानात चर खणून आले. मोठे बाबा अजून ओसरीवर बसतात. तालुक्यातलं कोणी पोरीला बाहेर पाठवायचं म्हणून विचारायला आलं, तर ते छाती फुगवून सांगतात, "नेदरलँडले धाडा. तिथं आपला मानूस हाय." तो माणूस म्हणजे मी नव्हे. तो डोणगावचा इंजिनिअर. मी हाडामासाची बाई इथे नोकरी करते, माझा पत्ता त्यांच्या मोबाइलमध्ये आहे, तरी विश्वास आहे तो त्या नसलेल्या पुरुषावर.

गेल्या महिन्यात हे ऐकून माझं टाळकं सरकलं. मी आईला फोन लावून म्हटलं की आता पुरे झालं, मी मोठ्या बाबांना सगळं सांगून टाकते, असा कोणी नाही आणि कधी नव्हता.

मागे शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, "नको सांगू. कालच एकीच्या बापानं त्याच्या भरवशावर हो म्हटलं. जून महिन्यात येऊन राह्यली ते पोरगी. तू टेशनवर जाजो."