गोळा हातातच द्यायचा

आमचं स्टेशन आता बंद आहे. मोठी लाइन दुसरीकडून गेली, छोट्या गाडीचे रूळ उखडून नेले, फलाटावर शेळ्या बसतात. लोक हळहळतात, काय दिवस होते म्हणून. मला नाही हळहळ. त्या फलाटावर माझ्या सासऱ्यांना मारताना मी पाहिलंय.

मामंजी तिथं पॉइंटमन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. लाइन एकेरी, म्हणून समोरून गाडी येत नाही याची खूण असलेला स्टेशनातला लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हाती आल्याशिवाय गाडी हलत नसे. गोळा हातातून हातातच द्यायचा, फेकायचा नाही, हा मामंजींचा नेम. एक वेळ देवाचं फूल चुकेल, हे चुकणार नाही.

निजामाची सत्ता शेवटच्या घटका मोजत होती आणि हत्यारबंद टोळ्या गावं जाळत फिरत होत्या. माझ्या भावानं चावडीवर तिरंगा लावला, म्हणून एक टोळी त्याच्या मागावर होती. भर दुपारी मी त्याला लुगडं नेसवून बायकांच्या डब्यात बसवलं. हद्दीपलीकडं बार्शी गाठली की तो वाचणार होता.

गाडी सुटायच्या आत टोळी आली. पहिल्याच डब्यातून त्यांनी एका माणसाला ओढून काढलं आणि फलाटावर कुऱ्हाडीनं तोडलं. मामंजी गोळा घेऊन इंजिनाकडं निघाले.

"गोला इदर दे, बुड्ढे," म्हणत एकानं त्यांच्या पाठीत लाठी घातली.

इंजिन हाकेवर होतं. मी ओरडले, "मामंजी, फेका की."

"फेकायचा न्हाय, पोरी," ते म्हणाले आणि चालत राहिले.

दुसरी लाठी डोक्यात बसली. कानातून रक्त आलं, ते गुडघ्यांवर पडले, पण गोळ्याचा हात वरच होता. ड्रायव्हरनं पायरीवरून वाकून गोळा घेतला आणि गाडी सोडली. डब्याला लोंबकळणाऱ्या टोळीवाल्यांची बोटं आतल्या बायकांनी तांब्यांनी ठेचली. भाऊ सुटला. टोळीनं सगळा राग मामंजींवर काढला, त्यांचं तोंडही ओळखू येईना.

तेराव्याला ड्रायव्हर जेवायला आला. ताटावर बसून म्हणाला, "अक्का, समोरनं गाडी येनार नव्हतीच. लाइन मोकळी व्हती, मला ठावं व्हतं. पर गोळ्याबिगर हातच चालंना."

मी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि दारातल्या कुत्र्यापुढं ओतलं.

मामंजी असते तर त्यांनी मलाच रागावून त्याला पुन्हा वाढायला लावलं असतं.