रेखाचा डबा

फोन आला तेव्हा मी दुकानामागे चिक्कीच्या वड्या पाडत होते. "रेखा, सुजाता गेली गं," परंदवडीचे तिचे शेजारी आबा म्हणाले. मी म्हटलं, "असं कसं, रविवारी ती माझ्याकडे यायचीय." पाला धुता धुता ती मोरीपाशी बसली आणि उठलीच नाही... चव्वेचाळीस वर्षांची, साधी डोकेदुखीची गोळीही न घेणारी. फोन ठेवून परत सुरी घेतली, तोवर गूळ दगड झाला होता. तरी मी कापतच राहिले. तीन आठवडे झाले, अजून पटत नाही.

आम्ही शाळेपासूनच्या. मला लोणावळ्यात दिलं, मी दुकानात रमले. ती आईजवळ राहून पुण्याच्या प्रयोगशाळेत अळ्यांवर संशोधन करायची. शेतकरी ज्यांच्या नावानं बोटं मोडतो, त्यांना ही ताजा पाला निवडून, धुऊन घालायची. "अळी एकच, पण टोमॅटोवर वाढली की पोटातले जिवाणू वेगळे, कोबीवर वाढली की वेगळे," ती सांगायची. "टोमॅटोच्या पानातलं विष हिला पचतं कसं, त्यात या जिवाणूंचा हात आहे का, एवढंच मला कळायला हवंय." मी म्हणायचे, "आधी माझ्या सासूबाईंना काय पचतं ते शोध." ती मनापासून हसायची.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन ती नाशिकला लग्नाला गेली आणि घरी वाढवलेल्या अळ्यांचे डबे चार दिवसांसाठी माझ्याकडे ठेवले. टोमॅटोच्या डब्यात टोमॅटोचाच पाला, हे तिनं तीनदा बजावलं. तिसऱ्या दिवशी एका डब्यातला पाला संपला. अळ्या झाकणापाशी सैरभैर फिरत होत्या. आमच्या दारातून कुत्रंसुद्धा उपाशी जात नाही. भाजीला कोबी चिरत होते, त्यातली दोन पानं आत टाकली. एकदाच. तिला मात्र बोलले नाही. पुढे त्या अळ्यांच्या पोटात भलतेच जिवाणू निघाले. "एका डब्यानं वेड लावलंय बघ," ती म्हणाली आणि सुट्टीतही उन्हात पाला तोडत हिंडू लागली. सांगावं वाटायचं, जीभ उचलत नव्हती. शेवटी ठरवलं, रविवारी सांगायचंच. ती शुक्रवारी गेली.

तिसऱ्या दिवशी परंदवडीला गेले. माणसं पांगल्यावर तिच्या आईपुढं सगळं ओकून टाकलं. "मावशी, माझ्या चुकीपायी ती उन्हातान्हात राबली."

मावशी म्हणाल्या, "तिला ठावं व्हतं की. नाशकावरनं आलो त्याच दिशी डब्यात कोबीची शीर घावली. पुढं जिवाणू तपासल्यावर म्हनली, एका दिसाच्या कोबीनं पोटातलं एवढं बदलतं, हे रेखामुळं कळलं. तेच परत करून बघत व्हती. लय खूश व्हती. खात्री झाली की रविवारी तुला सांगनार व्हती."

खिडकीत चार डबे होते. चारही झाकणांवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं – 'रेखाचा डबा'. टोमॅटोच्या पाल्याऐवजी एक दिवस कोबी घालायचा, पण तो कोणत्या दिवशी, हे तिच्याच डोक्यात होतं. आत अळ्या वळवळत होत्या.

"तिनं धुतलेला पाला व्हता, त्योच घालत आले," मावशी म्हणाल्या. "आज सरला. आता काय घालू, तूच सांग."