बुटाची लेस

एका सकाळी टेकडीच्या चढावर आमच्या गटातले अण्णा धावता धावता थांबले आणि लेस बांधायला खाली वाकले. लेस सुटलेली नव्हती, हे मला मागून दिसत होते. त्यांचा तळहात गुडघ्यावर होता.

“काय अण्णा, गुडघा?”

“छे हो, लेस! तुम्ही व्हा पुढे.”

तेव्हापासून थांबलेल्या प्रत्येक माणसाचा मला संशय येतो. कुणी सूर्योदय पाहतो, कुणी फोन काढतो. दुखते आहे, असे कुणीच म्हणत नाही. दुखणे ही व्यायाम लागू पडल्याची खूण, असे आम्हीच एकमेकांना पढवले आहे. त्यामुळे शरीर हळू आवाजात ‘पुरे’ म्हणते, तेव्हा ते कामचुकारपणा करते आहे असाच संशय मी त्याच्यावर घेत आलो.

आज त्याच चढावर माझ्या पोटरीत कळ आली आणि मी नकळत खाली वाकलो.

“काय हो, लेस सुटली?” मागून अण्णांनी विचारले.

“हो,” मी म्हणालो. माझ्या बुटांना लेसच नाही.

अण्णांनी बुटांकडे पाहिले आणि ते शेजारच्या दगडावर सावकाश टेकले. “बसा,” ते म्हणाले, “माझीही सुटलीय.”